नदी कुणाकडे जाणार?

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

सन २००० चा नोव्हेंबर महिना. मी तेव्हा यवतमाळ जिल्ह्याच्या उमरखेड तालुक्यातल्या एका शाळेत भूगोल शिकवत होतो. त्या महिन्याच्या १ तारखेला छत्तीसगड झालं, ९ तारखेला उत्तरांचल आणि १५ तारखेला झारखंड. पंधरा दिवसांत तीन नवी राज्यं! वर्गातला भिंतीवरचा नकाशा एकदम जुना झाला. नवा नकाशा यायला वर्ष लागणार हे ठाऊक असल्यामुळे मी फळ्यावर खडूनं भारत काढला आणि त्यात तीन नव्या रेघा ओढून दाखवल्या.

मागच्या बाकावरचा एक मुलगा उभा राहिला. म्हणाला, "सर, उद्या आपला विदर्भ वेगळा झाला तर पैनगंगा कुणाकडं जाईल? आपल्याकडं का मामाकडं?"

सगळा वर्ग हसला. मीही हसलो. त्याच्या मामाचं गाव नदीपलीकडे, नांदेड जिल्ह्यातल्या हदगाव तालुक्यात. म्हणजे मराठवाड्यात. मी त्याला सांगितलं, "बाळा, नदी कुणाची नसते." उत्तर ऐकायला बरं होतं, पण ते भूगोलाचं उत्तर नव्हतं. तास संपला, मुलं गेली, पण तो प्रश्न माझ्या डोक्यातून गेला नाही. माझी मोठी बहीण त्याच पलीकडच्या काठावर नांदते आहे. वेगळ्या विदर्भाची चर्चा मी लहानपणापासून ऐकत आलो होतो. राज्य हवं की नको, यावर पारावर भांडणं झालेली पाहिली होती. पण रेघ नेमकी कुठून जाणार, ती कोण ओढणार आणि कशाच्या आधारानं, हे कुणी विचारलेलं मी ऐकलं नव्हतं. ते त्या पोरानं विचारलं.

विदर्भ व्हावा की न व्हावा, यावर मलाही मत आहे. पण आज ते सांगायला मी आलेलो नाही. आज फक्त रेघेबद्दल बोलायचं आहे.

धुऱ्याची मोजणी

आमच्याकडे शेताच्या बांधाला धुरा म्हणतात. धुऱ्यावरून भावाभावांत बोलणं बंद झालेलं कुणी पाहिलं नसेल असं गाव नाही. आमच्या थोरल्या काकांचाही शेजाऱ्याशी असाच वाद होता. शेवटी मोजणी आणली. मोजणीवाले साहेब आले, झाडाखाली बसले, पाणी प्यायले आणि त्यांनी काकांना तीन गोष्टी विचारल्या. टिपण कोणत्या सालचं धरायचं? मोजायचं काय, पूर्ण सर्व्हे नंबर की पोटहिस्सा? आणि विहीर कुणाच्या हिश्शात येते?

काका म्हणाले, "साहेब, तुम्ही आधी मोजा तर!" साहेब हसले. म्हणाले, "मोजणं सोपं आहे हो. या तिन्हींची उत्तरं मिळाली की साखळी आपोआप पडते."

राज्याच्या सीमेचंही हेच आहे. नकाशा कोणत्या वर्षाचा? मोजायचं एकक कोणतं, गाव, तालुका की जिल्हा? आणि रेघ ओढल्यावर आत कोण येतं, बाहेर कोण राहतं, पाणी कुठे जातं? या तीन प्रश्नांची उत्तरं जो देतो तो सीमा ठरवतो. पेन्सिल कुणाच्याही हातात असो.

कायदा काय म्हणतो?

आपल्या राज्यघटनेच्या तिसऱ्या कलमानं नवं राज्य करण्याचा, राज्याची सीमा बदलण्याचा, फार काय, नाव बदलण्याचाही अधिकार संसदेला दिला आहे. त्यासाठी दोन तृतीयांश मतं लागत नाहीत, साधं बहुमत पुरतं. राष्ट्रपतींच्या शिफारशीनं विधेयक येतं. ज्या राज्याला त्याची झळ बसणार, त्याच्या विधिमंडळाकडे ते मत मागवायला पाठवावं लागतं. पण ते मत संसदेवर बंधनकारक नसतं. जानेवारी २०१४ मध्ये आंध्र प्रदेशच्या विधानसभेनं तेलंगणाचं विधेयक नाकारलं, तरी फेब्रुवारीत संसदेनं ते मंजूर केलं आणि २ जून २०१४ ला तेलंगण झालं.

आपल्याकडेही एक उदाहरण आहे. १९५६ च्या विधेयकात आधी मुंबई शहर, महाराष्ट्र आणि गुजरात असे तीन वेगळे घटक होते. मुंबईच्या विधिमंडळानं त्यावर मत दिलं. नंतर संसदेत बेत बदलला आणि सगळ्यांचं मिळून एकच द्वैभाषिक मुंबई राज्य ठरलं. बाबुलाल पराते या नागरिकानं न्यायालयात विचारलं, की बेतच बदलला तर पुन्हा मत नको का घ्यायला? १९५९ साली सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला : पुन्हा विचारण्याची गरज नाही.

आता रेघेकडे या. राज्य पुनर्रचनेच्या कायद्यात सहसा अक्षांश-रेखांश नसतात, नद्या-डोंगरांची वर्णनंही नसतात. असते ती जिल्ह्यांच्या नावांची यादी. छत्तीसगडच्या वेळी १६ जिल्ह्यांची नावं होती, उत्तरांचलच्या वेळी १३ आणि झारखंडच्या वेळी १८. हे हे जिल्हे मिळून नवं राज्य होईल, असं लिहायचं, की झालं. त्या दिवशी जिल्ह्याची जी हद्द महसूल दप्तरात असेल, ती रातोरात राज्याची सीमा होते.

आणि जिल्ह्याची हद्द कोण ठरवतं? आपल्याकडे महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ आहे. तिच्याखाली राज्य सरकार अधिसूचना काढून जिल्हा नवा करू शकतं, तालुका इकडचा तिकडे करू शकतं. म्हणजे आज खोडरबरानं पुसता येणारी रेघ उद्या राज्याची सीमा झाली की मग संसदेशिवाय कुणाला पुसता येत नाही. म्हणून मी म्हणतो, सीमेची खरी लढाई नवं राज्य होण्याच्या आधी, कलेक्टर कचेरीतल्या नकाशावर होऊन गेलेली असते. आपल्याला ती दिसत नाही एवढंच.

गाव मोजायचं की जिल्हा?

मोजणीवाल्या साहेबांचा दुसरा प्रश्न आधी घेऊ, कारण मराठी माणसाला तो चांगला ठाऊक आहे. समजा, एका जिल्ह्यात दोन भाषा बोलणारी गावं आहेत. जिल्हा हे एकक धरलं तर ज्यांची एकूण संख्या जास्त, त्यांच्याकडे सगळा जिल्हा जाईल. गाव हे एकक धरलं तर त्याच जिल्ह्यातून कातरीनं कापल्यासारखी वाकडीतिकडी रेघ जाईल. माणसं तीच, घरं तीच, भाषा तीच. एकक बदललं की सीमा बदलली.

१ ऑक्टोबर १९५३ ला आंध्र राज्य झालं तेव्हा बेल्लारी जिल्ह्यात दहा तालुके होते. तीन आंध्रात गेले, सहा म्हैसूरकडे. उरलेल्या एकट्या बेल्लारी तालुक्यासाठी न्यायमूर्ती मिश्र यांना नेमावं लागलं, आणि तो म्हैसूरकडे गेला. पुढे आंध्र आणि मद्रास यांच्या वादात हरी विनायक पाटसकर यांना मध्यस्थ नेमण्यात आलं. त्यांनी खेडं हे एकक धरलं. १ एप्रिल १९६० ला तो निर्णय अमलात आला आणि तिरुत्तणी मद्रास राज्यात गेलं. बेळगावच्या प्रश्नात महाराष्ट्र ज्या तत्त्वांवर बोट ठेवतो ती हीच : खेडं हा घटक, भौगोलिक सलगता, भाषिक बहुसंख्या आणि लोकेच्छा. महाराष्ट्राची मागणी ८१४ गावांची. १९६७ च्या महाजन आयोगाच्या अहवालानं २६४ गावं महाराष्ट्राला आणि २४७ म्हैसूरला द्यायला सांगितली. महाराष्ट्रानं ते मानलं नाही आणि २००४ साली सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला.

खेडं हा घटक धरणं व्यवहारात जमत नाही, असं कुणी म्हणालं तर त्याला १ मे १९६० आठवून द्यावा. त्या दिवशी महाराष्ट्र आणि गुजरात वेगळे झाले, तेव्हा उंबरगाव तालुक्यातली आणि पश्चिम खानदेशातली कोणती गावं गुजरातेत जातील, याची गाववार यादी कायद्याला जोडलेली होती.

याउलट फाझल अली यांच्या अध्यक्षतेखालच्या राज्य पुनर्रचना आयोगानं साधारणपणे जिल्हा हाच घटक धरला. हृदयनाथ कुंझरू आणि सरदार पणिक्कर हे त्याचे दुसरे दोन सदस्य. ३० सप्टेंबर १९५५ च्या या अहवालात विदर्भाचं वेगळं राज्य करावं अशी शिफारस होती. बुलढाणा, अकोला, अमरावती, यवतमाळ, वर्धा, नागपूर, भंडारा आणि चांदा असे तेव्हाचे आठ जिल्हे त्यात होते. जिल्हा एकक धरल्यामुळे छिंदवाडा पूर्ण मध्य प्रदेशात राहिला. सौंसर आणि पांढुर्णा या भागांत घरोघर मराठी बोललं जातं, तरीही.

ती शिफारस तेव्हा जशीच्या तशी मान्य झाली असती, तर काय झालं असतं? आयोगानं मराठवाडा मुंबई राज्यात घातला होता. म्हणजे १९५६ सालीच पैनगंगा ही दोन राज्यांची सीमा झाली असती, आणि माझ्या बहिणीचं लग्न परराज्यात झालं असतं!

टिपण कोणत्या सालचं?

बेळगावात भाषा मोजता येते. विदर्भाच्या बाबतीत गंमत अशी की दक्षिणेला आणि पश्चिमेला भाषा काही सांगतच नाही. उमरखेडला मराठी, हदगावला मराठी. बुलढाण्यात मराठी, जालन्यात मराठी. बोलीत थोडा फरक, पण तो बाजाराच्या दिवशी मिटून जातो. भाषा गप्प बसली की रेघ काढण्यासाठी उरतं ते जुनं टिपण, म्हणजे इतिहासातली हद्द. आणि मग प्रश्न येतो, कोणत्या सालची?

आमची आजी नदीपलीकडच्या मुलखाला शेवटपर्यंत 'मोगलाई' म्हणायची. पलीकडे जायचं म्हणजे मोगलाईत जायचं, तिथे नाणं वेगळं, हाली शिक्का चालायचा. आजीची ही रेघ १८५३ ची. त्या वर्षीच्या तहानं निजामानं वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केला. १९०२ साली तो कायमच्या पट्ट्यानं दिला आणि १९०३ पासून त्याचा कारभार मध्य प्रांताला जोडला गेला. आमच्या भागात या वऱ्हाडाची दक्षिण हद्द पैनगंगा. फौजेचा खर्च भागवण्यासाठी महसुलाचा मुलूख तोडून द्यायचा होता, त्यासाठी ही वाटणी झाली. दोन्ही काठांवरच्या माणसांना कुणी विचारलं नव्हतं. पुढे शंभर वर्षं अलीकडे इंग्रजी कारभार आणि पलीकडे निजामी. कायदे, शाळा, जमिनीची पद्धत, सगळं वेगळं वाढलं. म्हणजे आधी रेघ आली आणि मग तिनं दोन प्रदेश घडवले. आपण समजतो ते उलट.

आता याच रेघेच्या पूर्वेकडच्या टोकाला चला. चंद्रपूर जिल्ह्यातला राजुरा आणि नांदेड जिल्ह्यातला किनवट हे दोन तालुके १९५६ पर्यंत हैदराबाद राज्याच्या आदिलाबाद जिल्ह्यात होते. १९५६ च्या पुनर्रचनेत दोन्ही इकडे आले आणि नांदेडला जोडले गेले. मग १९५९ साली राजुरा चांदा जिल्ह्याला दिला, म्हणजे तो विदर्भात आला. किनवट नांदेडमध्येच राहिला, म्हणजे मराठवाड्यात. आज विदर्भाच्या नकाशावर राजुरा, कोरपना, जिवती हा कोळशाचा आणि सिमेंटच्या कारखान्यांचा भाग दिसतो. तो विदर्भात आहे तो पुराणातल्या विदर्भ देशामुळे नाही, १९५९ च्या एका प्रशासकीय बदलामुळे. कारभाराची सोय पाहून केलेला बदल. पण उद्या जिल्ह्यांची यादी कायद्यात गेली, की ती सोय कायमची सीमा होईल.

हे फक्त आपल्याकडे घडतं असं नाही. तेलंगणाच्या वेळी भद्राचलमचा वाद झाला तो असाच. गोदावरीकाठचं हे रामाचं प्रसिद्ध क्षेत्र १९५९ पर्यंत पूर्व गोदावरी जिल्ह्यात होतं, म्हणजे आंध्राच्या बाजूला. त्या वर्षी ते खम्मम जिल्ह्याला जोडलं गेलं. २०१४ मध्ये तेलंगणवाले म्हणाले, आजचा खम्मम धरा. आंध्रवाले म्हणाले, १९५६ चा धरा. दोघांच्याही हातात खरेच कागद होते, पण सालं वेगळी. खरं कारण कागदात नव्हतं, पाण्यात होतं. पोलावरम धरणात बुडणारी गावं याच भागातली. ज्याचं धरण त्याच्याच राज्यात बुडीत जमीन असावी, म्हणून मे २०१४ च्या अखेरीस केंद्रानं अध्यादेश काढून खम्मममधली मंडलं आंध्राला दिली आणि नंतर त्याचा कायदा झाला. भद्राचलम गाव आणि देऊळ तेलंगणात राहिलं, आणि गावाला लागून असलेली खेडी परराज्यात गेली. जुलै २०२२ च्या महापुरानंतर यातली पाच गावं तेलंगणात परत घ्या, ही मागणी पुन्हा वर आली.

आत कोण येतं?

धुरा सरकला की विहीर कुणाची हे बदलतं. तसं राज्याची सीमा ठरली की आत बहुसंख्य कोण, हे ठरून जातं. याचं सर्वांत बोलकं उदाहरण म्हणजे उत्तराखंड. २००७ पर्यंत त्याचं नाव उत्तरांचल होतं. ही मागणीच मुळी डोंगराची होती. लखनौत बसलेल्यांना डोंगर कळत नाही, हे त्या आंदोलनाचं म्हणणं. पण राज्य करताना तराईतला उधमसिंगनगर आणि गंगेच्या मैदानातला हरिद्वार हे जिल्हेही आत आले. हरिद्वार १९८८ पर्यंत सहारनपूर जिल्ह्याचा भाग होता. आता सपाटीवर लोकसंख्या झपाट्यानं वाढते आणि डोंगरातली माणसं पोटासाठी खाली उतरतात. सुरुवातीला विधानसभेच्या ७० जागांपैकी ४० डोंगरात होत्या. २००८ च्या मतदारसंघ फेररचनेनंतर त्या ३४ झाल्या आणि सपाटीवर ३६. डोंगरासाठी मागितलेल्या राज्यात डोंगर अल्पमतात गेला. त्याची सुरुवात रेघ ओढली तेव्हाच झाली होती.

झारखंडचं उलट झालं. तिथल्या जुन्या मागणीत बिहारबरोबर बंगाल, ओरिसा आणि मध्य प्रदेश यांचेही आदिवासी भाग होते. प्रत्यक्षात आले ते फक्त बिहारचे १८ जिल्हे. कारण एका राज्यातून तुकडा काढणं सोपं, चार राज्यांतून काढणं महाकठीण. म्हणून आदिवासींसाठी मागितलेल्या राज्यात आदिवासी बहुसंख्य झाले नाहीत.

विदर्भाला हेच लावून पाहू. आज अकरा जिल्हे आहेत. २०११ च्या जनगणनेनुसार लोकसंख्या २ कोटी ३० लाख, क्षेत्रफळ सुमारे ९७ हजार चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या एक तृतीयांशाला थोडं कमी. विधानसभेच्या २८८ पैकी ६२ जागा इथल्या. त्यातल्या ३२ नागपूर विभागात, ३० अमरावती विभागात. म्हणजे आत गेल्यावर झाडीपट्टी आणि वऱ्हाड यांचं पारडं जवळजवळ सारखं. राजधानी नागपूर, हे सगळे गृहीतच धरतात. पण नागपूर या राज्याच्या ईशान्येकडच्या अंगाला आहे. बुलढाण्याच्या माणसाला छत्रपती संभाजीनगर जितकं लांब, त्याच्या दुपटीहून लांब नागपूर आहे. आज तो मुंबई दूर म्हणून तक्रार करतो. उद्या कशाची करील, याचा विचार आजच करायला हवा.

आणि गडचिरोली-चंद्रपूरच्या गोंड समाजाचं काय? त्यांचे सोयरे छत्तीसगडात आहेत, तेलंगणात आहेत, मध्य प्रदेशात आहेत. जिल्ह्यांची नावं लिहून काढलेली कोणतीही रेघ त्यांच्या मधूनच जाते. रेघा ओढणाऱ्यांनी त्यांना कधी एकक धरलंच नाही.

काठावर काय बदलतं?

सीमा म्हणजे नकाशावरची शाई असं वाटत असेल, तर काठावर येऊन राहावं. पैनगंगेवर इसापूरचं धरण आहे. त्याचं पाणी यवतमाळ, हिंगोली आणि नांदेड या तिन्ही जिल्ह्यांना जातं. आज पाळी चुकली तर शेतकरी एकाच खात्याच्या दारात जाऊन बसतात. मधून राज्याची सीमा गेली, तर तोच वाद दोन सरकारांचा होईल आणि लवादापर्यंत जाऊ शकेल. आमच्या गावाहून खाली गेलात की हीच पैनगंगा महाराष्ट्र आणि तेलंगण यांची सीमा होते. निम्न पैनगंगा हा आज या दोन राज्यांचा संयुक्त प्रकल्प आहे. विदर्भ झाला तर तिथे तिसरं राज्य येऊन बसेल. हे अशक्य नाही, करार करता येतात. पण ते राज्य होण्याआधी करावेत, नंतर नव्हे.

दुसरी गोष्ट कागदाची. आमच्या दोन्ही काठांवर बंजारा समाजाचे तांडे आहेत. महाराष्ट्रात हा समाज विमुक्त जातींत मोडतो. तेलंगणात गेलात की तोच समाज अनुसूचित जमातीत. कर्नाटकात अनुसूचित जातीत. याचं कारण या याद्या राज्यवार असतात. नवं राज्य झालं तर पहिल्या दिवशी जुनीच यादी दोन्हीकडे चालेल. पण पलीकडून लग्न होऊन आलेल्या मुलीचा दाखला कोणत्या राज्याचा धरायचा? बिहार आणि झारखंड वेगळे झाल्यावर अशा दाखल्यांसाठी माणसांनी वर्षानुवर्षं कोर्टाच्या पायऱ्या झिजवल्या. शेवटी ऑगस्ट २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की अशा माणसाला दोनपैकी एका राज्यात आरक्षणाचा लाभ घेता येईल, दोन्हीकडे एकाच वेळी नाही. राज्य झालं २००० साली, उत्तर मिळालं २०२१ साली. एका माणसाची अख्खी नोकरी निघून जाते एवढ्या काळात.

तिसरी गोष्ट जिवती तालुक्यातल्या १४ गावांची. १९५६ साली आदिलाबादमधून राजुरा तोडला तेव्हाच्या हद्दीवरची ही गावं. त्यांच्यावर महाराष्ट्राचाही हक्क आणि पलीकडच्या राज्याचाही. दोन रेशनकार्डं, दोन शाळा, दोन मतदारयाद्यांत नाव. ऐकणाऱ्याला वाटतं, काय चंगळ आहे! पण जमिनीचा पक्का कागद मागितला की दोन्हीकडून हात वर. जुलै २०२५ मध्ये महाराष्ट्र सरकारनं ही गावं पूर्णपणे आपल्याकडे घेण्याची कार्यवाही सुरू केल्याचं जाहीर केलं. हिशोब करा, १९५६ ते २०२५. एवढी वर्षं एका संशयाच्या रेघेवर काही गावं संसार करत राहिली.

मग काय करावं?

नव्या राज्याची मागणी करणाऱ्यांना आणि विरोध करणाऱ्यांना, दोघांनाही माझं एकच सांगणं आहे. काठावरची गावं आधी मोजा. जिल्ह्यांची यादी लिहिण्याआधी हद्दीवरच्या तालुक्यांत जाऊन विचारा, की तुमचा बाजार कुठे, दवाखाना कुठे, कालव्याचं पाणी कुठून, मुली कुठे दिल्यात. यवतमाळ आणि नांदेड यांच्या मधली, बुलढाणा आणि जालना यांच्या मधली अशी गावं काही अगणित नाहीत. एखाद्या गावाला इकडचं तिकडे व्हायचं असेल तर आज ते अधिसूचनेनं होतं. उद्या त्यासाठी दिल्ली लागेल. पाण्याचे करार, दाखल्यांचे नियम, नोकऱ्यांची वाटणी हे विधेयकातच लिहून घ्या. आमच्या काकांची मोजणी झाली तेव्हा विहिरीच्या पाळ्या आधी कागदावर लिहून मगच दगड रोवले. म्हणून तो वाद पुन्हा निघाला नाही.

आता त्या मुलाच्या प्रश्नाचं उत्तर. आज तो समोर असता तर मी त्याला म्हटलं असतं : बाळा, कायद्यात नदीचं नाव बहुधा नसेलच. तिथे फक्त यवतमाळ असं लिहिलेलं असेल. मग नदीचं पात्र कुणाचं, हे दोन्ही काठांवरच्या गावांच्या जुन्या नकाशांत जिथे शीव दाखवली आहे त्यावर ठरेल. बहुतेक ठिकाणी ती पात्राच्या मधून जात असेल. म्हणजे अर्धी नदी तुझी, अर्धी मामाची. वाळू काढायची परवानगी दोन राज्यांची, बंधारा घालायची संमती दोन राज्यांची, आणि पूर आला तर तो मात्र दोघांचा.

तो मुलगा आता चाळिशीकडे आला असेल. त्याची मुलं पलीकडे शिकायला जातात, असं मध्यंतरी कुणीतरी सांगितलं. माझी बहीण दर राखीपौर्णिमेला पूल ओलांडून येते. पुराच्या वर्षी पुलावरून पाणी गेलं की येत नाही, फोन करते. नदी तेवढी आडवी येते, आणि ते आम्हाला पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. तिच्यात आणखी काही आडवं घालायचंच असेल, तर घालणाऱ्यानं आधी दोन्ही काठांवर येऊन एकेक रात्र मुक्काम करावा, एवढीच माझी विनंती आहे.